दीड वर्ष पाण्यात

प्रोजेक्टचा विषय ठरला तेव्हा खरं सांगायचं तर मला वाटलेलं की हे सहा महिन्यांत उरकेल. मक्याचा स्टार्च घ्यायचा, पाण्यात शिजवायचा, त्यात उसाच्या चिपाडांचा बारीक भुगा मिसळायचा, ताटलीत ओतायचा आणि वाळवायचा, झाली फिल्म तयार, प्लॅस्टिकसारखी पातळ आणि मातीत टाकली की कुजणारी. नेटवर लोक दहा मिनिटांच्या व्हिडिओत करून दाखवतातच की. त्या दहा मिनिटांत काय दाखवत नाहीत ते सांगायला हे लिहितेय, कारण माझं त्यात दीड वर्ष गेलं आणि त्यातलं निम्मं तरी पाण्यात गेलं, म्हणजे खरोखरच पाण्यामुळे गेलं. ते येईलच पुढे.

पहिली फिल्म नुसत्या स्टार्चची केली, आत काहीच न घालता, फक्त बघायला. १०० मिली पाण्यात ४ ग्रॅम स्टार्च, हॉटप्लेटवर मॅग्नेटिक स्टरर लावून तापत ठेवलं. सुरुवातीला ते नुसतं पांढरं गढूळ पाणी असतं, ढवळणं थांबवलं की स्टार्च खाली बसतो, आणि मग ६५ अंशांच्या जरा पुढे कधीतरी त्याचा नूरच बदलतो. दाण्यांच्या आत पाणी शिरतं, ते फुगतात, फुटतात, आतले लांबलचक रेणू बाहेर सांडतात आणि बघता बघता पांढरेपणा जाऊन धुरकट पारदर्शक खळ तयार होते, स्टररची कांडी त्यात अडखळायला लागते. हा भाग मला आजही बघत बसायला आवडतो. मग ९० ते ९५ अंशांवर अर्धा तास ठेवायचं, घाई केली तर अर्धवट शिजलेले दाणे फिल्ममध्ये पुळ्यांसारखे दिसतात.

दुसऱ्या दिवशी ओव्हन उघडला तर डिशमध्ये फिल्म नव्हतीच. आटलेल्या तळ्याचा गाळ तडकतो ना, तसे तुकडे होते, कडा वर वळलेल्या, बोट लावलं की कट्कन मोडणाऱ्या. कारण साधं आहे, पाणी निघून गेलं की स्टार्चचे रेणू एकमेकांना असे घट्ट धरून बसतात की हलायला जागाच उरत नाही. मध्ये कुणीतरी घुसवावं लागतं, आणि ते म्हणजे ग्लिसरॉल, आपलं ग्लिसरीन. स्टार्चच्या वजनाच्या २० टक्के घातलं तर माझी फिल्म कडकच राहिली, ४० टक्क्यांना इतकी लिबलिबीत आणि चिकट झाली की दोन फिल्म एकमेकींवर ठेवल्यावर सोडवताच येईनात, शेवटी ३० वर थांबले. आता ग्लिसरॉल हवेतलं पाणी ओढून घेतं हे वाक्य मी तेव्हाच वाचलेलं होतं, पिवळ्या हायलायटरने रंगवलेलं सुद्धा होतं. डोक्यात मात्र शिरलं नव्हतं.

ग्लिसरॉलवाली पहिली फिल्म छान निघाली. म्हणजे काचेच्या डिशमधून निघालीच नाही, ओरबाडून काढावी लागली, मग ॲक्रिलिकच्या डिश घेतल्या तेव्हा कुठे ती सोलून निघायला लागली. ती घेऊन मी मोठ्या तोऱ्यात मॅडमकडे गेले. त्यांनी हातात मायक्रोमीटर दिला, "दहा ठिकाणी जाडी मोज आणि मग ये." मोजली. एका कडेला ०.०७ मिमी, समोरच्या कडेला ०.१९. एकाच फिल्मची! लॅबमधले काका ते ऐकून हसले, म्हणाले, "अहो ताई, त्या ओव्हनची जाळी कधीची वाकलीय." मग गवंडी वापरतात ती पाणसळ आणून जाळीवर ठेवली, तर आतला बुडबुडा पार कोपऱ्यात. त्या दिवसापासून जाळीखाली फॉइलच्या घड्या घालून पाणसळीने लेव्हल बघायची आणि मगच डिश ठेवायच्या, हा माझा नेम झाला. दुसरं म्हणजे द्रावण मिलीत मोजून ओतायचं नाही, वजन करून ओतायचं. हिशेब सोपा आहे, ९ सेंटिमीटर व्यासाच्या डिशचं क्षेत्रफळ साधारण ६४ चौरस सेंटिमीटर, त्यात ४ टक्क्यांचं २० ग्रॅम द्रावण ओतलं तर आत स्टार्च ०.८ ग्रॅम आणि ग्लिसरॉल ०.२४, म्हणजे वाळल्यावर एक ग्रॅमच्या किंचित वर, घनता १.४ धरली तर जाडी ०.१२ मिमीच्या आसपास यायला पाहिजे. मायक्रोमीटरवर तीच यायला लागली तेव्हा पहिल्यांदा वाटलं की आपण काहीतरी शिस्तीत करतोय.

आता चिपाडं. रस काढून झालेली ओली चिपाडं मी गोणीभर आणली आणि शुक्रवारी प्लॅस्टिकच्या पिशवीत गच्च बांधून ठेवून दिली, सोमवारी बघू म्हणून. सोमवारी पिशवी हाताला कोमट लागत होती आणि उघडल्यावर जो आंबूस भपकारा आला त्याने अख्खी लॅब बाहेर. आत काळे ठिपके, बुरशी, सगळं फेकून दिलं. चिपाडात उरलेली साखर असते हो, तिला काय, ओलावा आणि ऊब मिळाली की झालं. दुसऱ्या वेळी आणल्या आणल्या कापून, गरम पाण्यात तीन वेळा धुऊन, ६० अंशांवर वाळवली, तरी डब्याला मुंग्या लागल्या. चौथ्यांदा धुतल्यावर मुंग्या गेल्या. मुंग्यांची टेस्ट हीच साखर गेल्याची खरी टेस्ट असं माझं मत झालं, पण ते रिपोर्टमध्ये लिहायला मॅडमनी दिलं नाही.

चिपाडात आपल्याला हवं असतं ते सेल्युलोज, वाळल्या चिपाडाच्या वजनात ते साधारण ४० ते ५० टक्के असतं, बाकीचं बरंचसं हेमिसेल्युलोज आणि लिग्निन, म्हणजे तंतूंना धरून ठेवणारा डिंकासारखा माल. गंमत अशी की स्टार्च आणि सेल्युलोज हे सख्खे भाऊ आहेत, दोघंही ग्लुकोजच्या कड्या जोडून बनलेले, फक्त कड्या जोडायची पद्धत वेगळी. तेवढ्या फरकाने एक गरम पाण्यात विरघळून खळ होतो आणि दुसरा झाडाचं खोड उभं धरतो. नातं जवळचं असल्यामुळे दोघांची एकमेकांवर पकड चांगली बसते, म्हणूनच तर हा सगळा उद्योग. पण सेल्युलोजवर लिग्निनचा लेप असेल तर ती पकड बसत नाही, म्हणून तो आधी काढायचा.

त्यासाठी ५ टक्के कॉस्टिक सोडा, ८० अंश, दोन तास. पाणी आधी पिवळं, मग तपकिरी, मग जवळजवळ काळं होतं, आणि वास ओल्या गवताच्या गंजीला आग लागल्यासारखा. हे काम कठीण नाही, कठीण आहे ते पुढचं धुणं. लगदा गाळायचा, पाणी घालायचं, ढवळायचं, गाळायचं, पीएचची पट्टी बुडवायची, अजून ११. परत. अजून १०. परत. ९ वरून ७ वर यायला जो वेळ लागतो तो आधीच्या सगळ्यापेक्षा जास्त. एकदा मी मुद्दाम मोजलं, २० ग्रॅम चिपाडासाठी १८ लिटर पाणी गेलेलं. आणि ते काळं पाणी तसंच सिंकमध्ये ओतता येत नाही, ॲसिड घालून उदासीन करावं लागतं, एकदा हात जड होऊन ॲसिड जरा जास्तच पडलं तर तळाशी मऊ तपकिरी गाळ बसला, तो म्हणजे बाहेर पडलेलं लिग्निन. त्या दिवशी डायरीत लिहिलं होतं, पर्यावरणपूरक फिल्म, त्यात लगदा ५५ मिलिग्रॅम, सोबत अर्धी बादली काळं पाणी. जरा चिडून लिहिलेलं आहे पण चुकीचं नाही. एका फिल्मला इतकासाच लगदा लागतो हे खरं, पण कुणी शेतातला कचरा म्हणजे फुकटचा माल असं बोललं की मला आता ती बादली दिसते. शिवाय चिपाडं कचरा असतात हेही अर्धंच खरं, साखर कारखाने तीच बॉयलरमध्ये जाळून वाफ आणि वीज करतात, त्यांचा कागदही होतो. भाताचं तूस, गव्हाचं काड, कशालाच कुणी वाली नाही असं नसतं.

ब्लीचिंग पेरॉक्साइडने केलं. बऱ्याच पेपरमध्ये सोडियम क्लोराइट वापरतात, त्याने लगदा कापसासारखा पांढराशुभ्र होतो म्हणे, पण त्यातून क्लोरीन डायऑक्साइडचा वायू सुटतो आणि आमचा फ्यूम हूड, म्हणजे असे वायू बाहेर ओढून टाकणारं कपाट, नुसता आवाज करायचा, ओढायचा काही नाही. म्हणून पेरॉक्साइड. रंग फिकट पिवळसर आला, मला पुरेसा होता.

नॅनोच्या, म्हणजे सेल्युलोजच्या अतिसूक्ष्म कणांच्या मागेही लागले होते मध्ये. ६४ टक्के सल्फ्युरिक ॲसिड, ४५ अंश, पाऊण तास, आणि सेल्युलोजचे फक्त स्फटिक शिल्लक राहतात असं ते आहे. त्या स्फटिकांचा ताठपणा १३० गिगापास्कलच्या वर सांगतात, ऐकून तोंडाला पाणी सुटतं. वॉटर बाथचा थर्मोस्टॅट बंद पडला, माझं लक्ष फोनमध्ये, आणि फ्लास्कमध्ये कोळशासारखं काळं काहीतरी झालं. मॅडम म्हणाल्या, "तुझ्या नॅनोला माझा नमस्कार, साध्या तंतूंवर ये." आले.

साध्या तंतूंचा पहिला प्रयोग असा, चिपाडं दळली, १०० मेशच्या चाळणीतून चाळली, लगदा केला, वाळवला, आणि उकळत्या खळीत वरून भुरभुरला. फिल्म वाळल्यावर बघते तर पॉलिशपेपर! वरून हात फिरवला तर टोचत होतं. दोन दिवस कारण शोधत होते आणि ते चाळणीच्या रिंगवरच लिहिलेलं होतं, भोक १५० मायक्रॉन. माझी फिल्म ०.१२ मिमी, म्हणजे १२० मायक्रॉनची. म्हणजे मी भिंतीच्या जाडीपेक्षा मोठे दगड भिंतीत घालत होते. मग २०० मेश, म्हणजे ७५ मायक्रॉन. आता इथे एक पेच आहे तो कुणी आधी सांगत नाही, बारीक दळत गेलं की तंतूंची लांबीही जाते, आणि ताकद तर लांबीमुळे येते, लांब तंतूच ताण एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे नेतो. पीठ करून टाकलं तर ती भर झाली, मजबुती नाही. मी तडजोड केली, इतकंच म्हणू शकते.

गुठळ्यांचा प्रश्न वेगळाच. लगदा एकदा पूर्ण वाळला की सेल्युलोजचे तंतू एकमेकांना असे चिकटतात की नंतर कितीही भिजवा, पहिल्यासारखे सुटत नाहीत. हे कळायला मला बारा बॅच लागल्या. उपाय म्हणजे तो वाळवायचाच नाही, ओलाच डब्यात फ्रिजमध्ये ठेवायचा, थोडासा बाजूला काढून वाळवून त्यात कोरडा माल किती टक्के ते काढायचं आणि त्या हिशेबाने ओला घ्यायचा. आणि खळीत शेवटी टाकायचा नाही, आधी पाण्यात लगदा रात्रभर, सकाळी होमोजिनायझरने जोरात घुसळून गुठळ्या मोडायच्या, मग थंड असतानाच स्टार्च आणि ग्लिसरॉल, आणि मग सगळं एकत्र तापवायचं. बुडबुडे व्हॅक्यूमने काढायचे, तेही गरम असतानाच, थंड झाली की खळ इतकी घट्ट होते की बुडबुडा जिथे आहे तिथेच राहतो.

एवढं करूनही फिल्म वाळताना एका बाजूला वळायची, पन्हाळीसारखी. कारण वाळायला वीस-बावीस तास लागतात आणि तेवढ्या वेळात तंतू हळूहळू खाली बसतात, खालची बाजू खडबडीत, वरची गुळगुळीत, दोन बाजू वेगवेगळ्या आकसतात. द्रावण ५ टक्क्यांचं करून ते कमी ओतलं, म्हणजे घट्टपणा वाढला आणि वाळायला वेळ कमी लागला, तर वळणं बरंच कमी झालं. पूर्ण गेलं नाही. डोळे मिटून बोट फिरवलं तरी कुठली बाजू खालची ते मला सांगता येतं, ही एक निरुपयोगी कला कमावली.

आता तो मुद्दा ज्यासाठी एवढं सगळं.

टेन्साइल टेस्ट, म्हणजे फिल्मच्या पट्ट्या कापायच्या, मशीनच्या दोन जबड्यांत धरायच्या आणि तुटेपर्यंत ओढायच्या. पातळ फिल्मसाठी एएसटीएम डी ८८२ हे स्टँडर्ड आहे, निदान पाच पट्ट्या लागतात. ब्लेड नवीन पाहिजे, कडेला नखाएवढी खाच राहिली तरी पट्टी तिथूनच फाटते, आणि जबड्यात घसरू नये म्हणून पॉलिशपेपरचे तुकडे लावायचे. हे सगळं शिकून मी पहिला पूर्ण सेट केला. नुसत्या स्टार्चची फिल्म, म्हणजे ग्लिसरॉल आहे पण तंतू नाहीत अशी, ४.१ मेगापास्कल, म्हणजे तुटेपर्यंत इतका ताण सोसला. ८ टक्के तंतूंची, ९.६. दुपटीपेक्षा जास्त! मी ग्राफ काढला, त्याचा रंग तीनदा बदलला, लॅबमध्ये ज्युनियर पोरं "ताई पेपर फिक्स" म्हणायला लागली, मीही मनातल्या मनात शीर्षक ठरवून टाकलं.

मॅडमनी ग्राफ बघितला आणि एकच विचारलं. "दोन्ही फिल्ममध्ये पाणी किती होतं?"

मला प्रश्नच कळला नाही. वाळलेल्या फिल्ममध्ये कसलं पाणी? मग डायरी काढली, तारखा बघितल्या. नुसत्या स्टार्चच्या फिल्म मी ज्या आठवड्यात ओढल्या तेव्हा बाहेर पाऊस लागून राहिला होता, आणि फिल्म टेबलावर उघड्याच पडलेल्या. तंतूंच्या फिल्म झाल्या तेव्हा टेबलावर जागा नव्हती म्हणून त्या दहा दिवस डेसिकेटरमध्ये, म्हणजे ओलावा शोषून घेणाऱ्या हवाबंद भांड्यात, सिलिका जेलवर होत्या, आणि मशीन रिकामं मिळालं त्या दिवशी ऊन पडलेलं. मॅडम म्हणाल्या, "नुसत्या स्टार्चची एक फिल्म आठवडाभर डेसिकेटरमध्ये ठेव आणि ओढ."

ठेवली, ओढली. १४ मेगापास्कल. तंतूबिंतू काही नाही, नुसता स्टार्च, काडी मोडावी तशी टक्कन तुटली, ताणली जवळजवळ गेलीच नाही.

तीन महिन्यांचा डेटा त्या एका टक्क आवाजात गेला. मी स्टार्च विरुद्ध तंतू असं काही मोजलंच नव्हतं, पाऊस विरुद्ध ऊन मोजलं होतं. कारण पाणी हे स्टार्चसाठी ग्लिसरॉलसारखंच आहे, रेणूंच्या मध्ये शिरतं आणि त्यांना मोकळं करतं, फरक इतकाच की ग्लिसरॉल आपण वजन करून घालतो आणि पाणी हवा घालते, आपल्याला न विचारता, आणि ग्लिसरॉल त्याला अजून बोलावून घेतं. हायलायटर मारलेलं ते वाक्य!

खात्री म्हणून डेसिकेटरमधली एक फिल्म काढून चार दशांशांच्या वजनकाट्यावर ठेवली. आकडा थांबेचना. शेवटचा अंक नुसता वर वर, १.०३४२, १.०३४५, १.०३४९, दार लावलं तरी चालूच. मी काकांना हाक मारली, काटा बिघडलाय म्हणून. त्यांनी फिल्म उचलली, कॅलिब्रेशनचं वजन ठेवलं, आकडा दगडासारखा स्थिर. वजन काढून फिल्म ठेवली, परत वर वर. "काटा नाही हो ताई, हीच पितेय," म्हणाले. समोर बसून एखादी वस्तू पाणी पिताना मी पहिल्यांदाच बघितली, आणि तेही जिला मी इतके दिवस वाळलेली म्हणत होते ती.

मग सगळं पहिल्यापासून. मॅग्नेशियम नायट्रेटचं संपृक्त द्रावण, तळाशी न विरघळलेले खडे दिसले पाहिजेत इतकं, हवाबंद बरणीत ठेवलं की २५ अंशांना आतली आर्द्रता ५३ टक्क्यांच्या आसपास कायम राहते, बाहेर पाऊस पडो नाहीतर ऊन. साध्या मिठाच्या द्रावणाने ७५. इतकी स्वस्त आणि साधी युक्ती, आणि माझं अडलं होतं तिच्यावाचून. फिल्म त्या बरणीत जाळीवर पाच दिवस, मग एकेक पट्टी झिपच्या पाकिटात घालून मशीनपर्यंत न्यायची, काढायची आणि लगेच ओढायची. सेटमधली एकही फिल्म बरणीशिवाय राहिली तर तो सेट रद्द.

असे मोजलेले आकडे कमी झगमगीत निघाले. नुसता स्टार्च ४.६, ५ टक्के तंतू ६.९, आणि ८ टक्के परत थोडे खाली, शिवाय पाच पट्ट्यांचे आकडे एकमेकांपासून लांब लांब. मायक्रोस्कोपखाली ८ टक्क्यांमध्ये गुठळ्या दिसल्या, तुटलेली कड नेमकी गुठळीजवळून गेलेली. ताणलं जाणं मात्र ५ टक्क्यांनाच निम्म्यावर आलं, म्हणजे मजबुती मिळाली ती लवचिकपणा देऊन. आणि ब्लीच न करता फक्त कॉस्टिकमधून काढलेले तंतू घातले तर ताकदीत धरण्यासारखा फरक पडलाच नाही, फिल्म फक्त तपकिरी दिसली. मग मी ब्लीचिंग सोडूनच दिलं, फिल्म गोरी दिसावी म्हणून पेरॉक्साइड कशाला जाळायचं.

७५ टक्क्यांच्या बरणीत मात्र सगळ्याच फिल्म ढेपाळल्या, तंतूवाल्याही. थोड्या कमी ढेपाळल्या इतकंच. आणि ५३ च्या बरणीत महिनाभर ठेवलेल्या उलट कडक झाल्या, कारण स्टार्चचे मोकळे झालेले रेणू हळूहळू परत एकमेकांजवळ येऊन रांगा लावतात. म्हणजे ही फिल्म स्वस्थ बसतच नाही, आज मोजली ती उद्याची नाही. फिल्ममधून वाफ किती आरपार जाते त्या टेस्टचंही तेच. कपात कोरडं कॅल्शियम क्लोराइड, तोंडावर फिल्म ताणून सील, कप ७५ टक्क्यांच्या बरणीत, दर तासाला वजन. शेजारच्या कपावर साधं पॉलिथिन लावलेलं, त्याचं वजन आठ तासांत हललं नाही, माझे कप मात्र प्रत्येक तासाला जड. तंतूंनी तो वेग किंचित कमी केला, ते मी रिपोर्टमध्ये एका वाक्यात लिहिलं आणि पुढे गेले.

मातीत पुरायची टेस्ट सगळ्यांना आवडते म्हणून तीही केली. नायलॉनच्या जाळीत फिल्म, कुंडीत ओली माती, एकविसाव्या दिवशी काढलं तर जाळीत फक्त मातकट कुसळं. त्यावर आयोडीनचा थेंब टाकला, निळं काही झालं नाही, म्हणजे स्टार्च गेलेला, तंतू अजून तसेच. पण स्टार्च जंतूंनी खाल्ला की ओल्या मातीत नुसता फुगून, तुटून, निसटून गेला, हे दिसेनासं होण्यावरून सांगता येत नाही. त्यासाठी बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड मोजावा लागतो, युरोपचं ईएन १३४३२ स्टँडर्ड सहा महिन्यांत ९० टक्के रूपांतर मागतं ते त्याच मोजमापावर. माझ्याकडे ती सोय नव्हती. म्हणून रिपोर्टमध्ये विघटन हा शब्द मी वापरला नाही, वजनातली घट असं लिहिलं. फोटो मात्र लावला, कुसळांचा.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेले सर भले माणूस. पाणी, आर्द्रता, बरणी, हे सगळं मी पंचवीस मिनिटं बोलले, ते मान डोलावत होते. मग म्हणाले, "नमुना आहे का?" मी ५ टक्क्यांवाली सगळ्यात चांगली फिल्म पाकिटातून काढून दिली. त्यांनी ती उजेडाकडे धरली, वाकवली, छान म्हणाले. मग पान उलटायला म्हणून त्यांनी अंगठा जिभेला लावला, पान उलटलं, आणि त्याच ओल्या अंगठ्याने फिल्म परत उचलली. ती ठेवायला गेले तर ठेवता येईना, अंगठ्याला चिकटलेली. दुसऱ्या हाताने ओढली, एक तुकडा अंगठ्यावरच राहिला. मॅडमनी खाली बघितलं. सरांनी तो तुकडा दोन बोटांत चोळला, त्याची वळी केली, आणि रुमालाला पुसत विचारलं, "खालची बाजू होती का वरची?"

"वरची सर," म्हटलं, "खालची खडबडीत लागली असती."

त्यांनी सही केली.